मूत्राशयातली गाठ पुन्हा आली? ऑपरेशन कुठे करायचं हे ठरवताना या चुका टाळा

मूत्राशयातल्या गाठींची खोडच अशी, की काढल्या तरी परत उगवतात. निदानाच्या वेळी चारातल्या साधारण तीन रुग्णांत गाठ आतल्या अस्तरापुरती असते, स्नायूत शिरलेली नसते. ती लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खरवडून काढतात. यालाच टीयूआरबीटी म्हणतात. पण पाच वर्षांत ती पुन्हा येण्याची शक्यता गाठीच्या प्रकारानुसार सुमारे ३० टक्क्यांपासून ७८ टक्क्यांपर्यंत जाते. मग घरात वाद सुरू होतो. जावई म्हणतो टाटाला नेऊ, मुलगा म्हणतो इथलेच डॉक्टर चांगले आहेत, आणि मागच्या बायोप्सीचा रिपोर्ट फायलीतच पडून राहतो.

रिपोर्ट न वाचता हॉस्पिटल ठरवणे

ठिकाण आधी त्या रिपोर्टवरून ठरायला हवं. मागची गाठ 'टीए, लो ग्रेड' (म्हणजे फक्त अस्तरापुरती आणि सौम्य पेशींची) होती आणि आता तपासणीत एखाद-दुसरा छोटा फुटवा दिसला असेल, तर जिल्ह्याच्या गावातला अनुभवी युरॉलॉजिस्ट पुरेसा आहे. अशा बारीक गाठी काही ठिकाणी जागा बधिर करून, भरती न करता जाळून टाकतात. त्यासाठी वयस्क माणसाला मुंबईच्या रांगेत उभं करू नये.

'टी१' (अस्तराखालच्या थरात शिरलेली, पण स्नायूपर्यंत न गेलेली), 'हाय ग्रेड' (आक्रमक पेशींची) किंवा 'सीआयएस' (अस्तरातच चपटा पसरलेला आक्रमक कर्करोग) असे शब्द असतील तर मात्र गोष्ट वेगळी. टी१ असेल तर बहुतेकदा २ ते ६ आठवड्यांत त्याच जागी पुन्हा खरवडावं लागतं. पुढे बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लशीतलेच जंतू असलेलं औषध, नळीने मूत्राशयात द्यावं लागतं, आणि ते पुरेसं देऊनही हाय ग्रेड गाठ परत आली तर मूत्राशय काढण्याचा विषय निघतो. म्हणून जिथे मूत्राशय काढण्याचं ऑपरेशन नेहमी होतं आणि कर्करोगाचे इतर तज्ज्ञही बसतात, असंच ठिकाण इथे हवं. नाहीतर दर चार-सहा महिन्यांनी नुसतं खरवडणं चालू राहतं आणि मोलाचा वेळ निघून जातो.

स्नायूचा तुकडा आला होता का, हे न विचारणे

माझ्या मते डॉक्टर निवडताना सगळ्यांत उपयोगी प्रश्न हाच. गाठीच्या बुडाखालचा स्नायू नमुन्यात आला नसेल, तर रोग किती खोल गेला आहे हे पॅथॉलॉजिस्टला सांगताच येत नाही. रिपोर्टात त्याची एखादी ओळच असते: 'मसल नॉट सीन'. छोट्या लो ग्रेड टीए गाठीत एवढं बिघडत नाही. पण टी१ किंवा हाय ग्रेड गाठीत ती ओळ असेल, तर काम अर्धवट झालं असं समजून दुसऱ्यांदा खरवडण्याबद्दल विचारायलाच हवं. नव्या डॉक्टरांनाही सरळ विचारा: तुम्ही महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता? गाठीचं बूड वेगळ्या बाटलीत पाठवता का? चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही.

मशीनच्या जाहिरातीला भुलणे

'लेझरने काढतो' एवढ्यावरून हॉस्पिटल चांगलं ठरत नाही. गाठ मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीवर असेल, तर पलीकडूनच मांडीकडे जाणारी नस जाते. खरवडताना वीजप्रवाहाने ती चेतली की पाय झटका देतो आणि मूत्राशयाला भोक पडू शकतं. हे टाळायला त्या नसेला बधिर करणारा किंवा पूर्ण भूल देऊन स्नायू सैल करणारा भूलतज्ज्ञ लागतो. म्हणून मागच्या ऑपरेशनच्या नोंदीत गाठ कुठे होती ते बघा आणि आताच्या डॉक्टरांना दाखवा. एनबीआय किंवा ब्लू लाइटची, म्हणजे दुर्बिणीत खास रंगाचा उजेड वापरण्याची सोय असेल तर उत्तमच, कारण साध्या उजेडात निसटणाऱ्या चपट्या गाठी त्यात दिसतात. वारंवार गाठी येणाऱ्याला याचा फायदा जास्त.

ऑपरेशनपुरताच विचार करणे

कमी धोक्याची गाठ असेल तर ऑपरेशननंतर २४ तासांच्या आत मायटोमायसिन किंवा जेमसिटाबिन या केमोच्या औषधाचा एक डोस मूत्राशयात सोडल्याने ती परत येण्याचं प्रमाण घटतं. भोक पडलं असेल किंवा रक्त जास्त जात असेल तर तो देत नाहीत. ही सोय सगळीकडे नसते, आधी विचारा.

बीसीजीचे सुरुवातीचे डोस सहा, दर आठवड्याला एक. पुढे वर्षभर किंवा तीन वर्षांपर्यंत ठरावीक अंतराने आणखी. नांदेडहून सलग सहा आठवडे मुंबईला जाणं झेपणार आहे का? नसेल, तर ऑपरेशन मोठ्या ठिकाणी आणि बीसीजी घराजवळ, अशी वाटणी चालते. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा बेत लेखी माहीत हवा. मूत्राशयासाठीचं हे बीसीजी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते, तरी ते थंड साखळीतून आणावं लागतं, म्हणून हॉस्पिटलला आधी सांगून ठेवा. लघवीतून रक्त जात असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर डोस पुढे ढकलतात. त्यावरून घाबरू नका.

नुसते कागद घेऊन जागा बदलणे

डॉक्टर बदलताना लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे काप) मागून घ्या. ग्रेडबद्दल दोन पॅथॉलॉजिस्टांचं मत वेगळं पडू शकतं, आणि त्यावर सगळी दिशा ठरते. प्रवास न करता मत हवं असेल, तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांचं जाळं) यांच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून मिळतं.

महात्मा फुले योजनेत हॉस्पिटलचं नाव असणं पुरेसं नाही. तुमच्या उपचारासाठी ते मान्य आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी पक्कं करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तारीख ठरली म्हणून स्वतःहून बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

आणि रक्ताच्या गुठळ्या पडून लघवीच अडली, तर ठिकाण शोधत बसू नका. जवळच्या हॉस्पिटलात नळी घालून मूत्राशय धुऊन घ्या. पुढचं ऑपरेशन कुठे, ते दुसऱ्या दिवशी ठरवता येतं.