पंच समोरून येतो तेव्हा: कराटे सुरू करणाऱ्यांसाठी

कराटेला नाव घातलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात. किक उंच कधी जाईल, स्प्लिट कधी बसेल? आजवर नवख्यांबरोबर सराव करताना मी मात्र वेगळ्याच क्षणाकडे बघत आलोय. समोरून पहिला पंच येतो, डोळे गच्च मिटतात, श्वास अडकतो, खांदे कानाला भिडतात. हा भित्रेपणा नव्हे. धोका दिसला की शरीर असंच वागतं, आणि ते बदलायला दात-ओठ खाऊन उपयोग नसतो. त्याचा वेगळा सराव करावा लागतो.

जोडीदाराला चेहऱ्याच्या दिशेने अगदी सावकाश पंच मारायला सांगा. त्याने तो हातभर आधीच थांबवायचा. तुम्ही नजर त्याच्या छातीवर ठेवायची आणि पंच येत असताना तोंडाने हळूहळू श्वास सोडत राहायचा. श्वास न अडकता जमायला लागलं की वेग थोडा वाढवा. अडकला की पुन्हा मागच्या वेगावर या. अंतर सगळ्यात शेवटी कमी करायचं. कंटाळा येतो, पण कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी लढताना, मला जी काही निर्धास्ती आली ती यातूनच आली. किआईचा, म्हणजे वार करताना ओरडण्याचा, एक फायदाही इथेच कळतो: ओरडताना श्वास आपोआप बाहेर पडतो.

ज्युदोवाले हीच गोष्ट उकेमीतून, पडण्याच्या तंत्रातून, शिकतात. दुसऱ्याला पाडण्याआधी स्वतः पडायचं, हनुवटी छातीला लावून, हात चटईवर आपटून. भीतीने हात टेकवायला जाल तर मनगट दुखावेल. पडायची भीती गेली की अंगातला ताठरपणाही बराच जातो.

काताची, म्हणजे एकट्याने ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची, गोष्ट निराळी. शोतोकान या कराटेच्या शैलीतल्या हेइआन शोदान या काताच्या हालचाली २१च, पण रोज एकाच भिंतीकडे तोंड करून केला की ती भिंतच पाठ होते. ग्रेडिंगला, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेत, दिशा बदलली की मध्येच डोकं कोरं. म्हणून घरी चारही दिशांना तोंड करून करा. तरीही अडलात, तर आहात त्या स्टान्समध्ये (पवित्र्यात) थांबा, श्वास सोडा, आठवेल तिथून पुढे चला. परीक्षकांना चूक दिसते, तसं सावरणंही दिसतं.

आता दुखण्याबद्दल, कारण इथे फार चुकीचं शिकवलं जातं. किबा-दाचीत, घोड्यावर बसल्यासारख्या स्टान्समध्ये, मांड्या पेटतात, पाय थरथरतात. तिथे आणखी थोडं थांबायला शिकायचं. सांध्यात अचानक कळ आली तर मात्र लगेच थांबायचं. ज्युदोत आर्मलॉक (कोपरावर ताण देणारी पकड) बसला की वेळेवर टॅप करायचं, म्हणजे थोपटून सोडायची खूण करायची. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. अशा वेळी थांबलेल्या विद्यार्थ्याला जिथे कमकुवत म्हणतात, तो डोजो (सरावाची जागा) बदला, सेन्सेई म्हणजे शिक्षक कितीही नावाजलेले असोत.