मीडियाविकी आपल्या लॅपटॉपवर कसे चालवावे

मराठी विकिपीडियावरील एखादे बटण चुकीच्या जागी आहे असे वाटले, तर ते हलवून पाहता येते. कारण विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो. त्यासाठी आधी ते स्वतःच्या लॅपटॉपवर चालले पाहिजे. पीएचपी, वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकेक करून बसवण्याची खटपट करू नये, हे सारे ‘कंटेनर’ नावाच्या तयार, बंदिस्त डब्यांत चालवणारे डॉकर वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील पद्धत उबुंटू या लिनक्स प्रणालीवरची आहे.

गिट (कोड व त्यातील बदलांचा इतिहास सांभाळणारे साधन), डॉकर आणि डॉकर कंपोज (अनेक कंटेनर एकत्र सुरू करणारे साधन) बसवल्यावर आपले खाते ‘डॉकर’ गटात घालावे आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे. हे राहिले तर डॉकरची प्रत्येक कमांड परवानगी नाकारते आणि माणूस तासभर भलतीकडेच चूक शोधत बसतो.

मग गिट क्लोनने, म्हणजे कोडची प्रत घेणाऱ्या कमांडने, मीडियाविकीचा कोड उतरवावा. पुण्यात कर्वेनगरच्या खोलीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मी पहिल्यांदा तो घेतला, तेव्हा दिवसाचा डेटा अर्ध्या वाटेतच संपला. आणि तुटलेला क्लोन थांबला तिथून पुढे सुरू होत नाही. ‘डेप्थ’ हा पर्याय १ ठेवला की वीसहून अधिक वर्षांचा इतिहास वगळून फक्त ताजा कोड येतो, आणि सुरुवातीला तेवढा पुरतो.

खरी मेख पुढे आहे. मूळ फोल्डरमध्ये ‘डॉट ईएनव्ही’ ही फाइल तयार करावी. नावाच्या आरंभी टिंब असल्याने ती एरवी दिसत नाही, कंट्रोल आणि एच एकत्र दाबल्यावर दिसते. तिच्यात पोर्ट ८०८०, प्रशासकाचे नाव व पासवर्ड यांसोबत आपल्या खात्याचे यूआयडी आणि जीआयडी, म्हणजे खात्याचा व त्याच्या गटाचा क्रमांक, लिहावेत. ‘आयडी’ कमांडने ते मिळतात आणि एकट्याच्या लॅपटॉपवर बहुधा १००० असतात. ते चुकले, तर कंटेनरला आपल्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. ओळींची नेमकी रूपे कोडसोबत येणाऱ्या ‘डेव्हलपर्स’ या फाइलमधून जशीच्या तशी उचलावीत.

आता डॉकर कंपोज सुरू करावे, कंटेनरमध्ये कंपोझर अपडेट (लागणारी पीएचपी लायब्ररी आणणारी कमांड) चालवावे आणि शेवटी इन्स्टॉल स्क्रिप्ट. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे, म्हणजे आपल्याच लॅपटॉपचे, ८०८० पोर्ट उघडले की पान उघडेबोडके दिसेल. घाबरू नये: पानाला रूप देणाऱ्या ‘स्किन’ वेगळ्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या वेगळ्या साठ्यात, असतात. व्हेक्टर ही स्किन ‘स्किन्स’ फोल्डरमध्ये क्लोन करून ‘लोकलसेटिंग्ज’ या सेटिंगच्या फाइलमध्ये तिच्या नावाची एक ओळ घालावी.

त्याच फाइलमध्ये भाषेचा कोड ‘एमआर’ केला की सारी बटणे मराठीत येतात, पण पहिले पान मात्र गायब होते. इन्स्टॉलेशनने बनवलेल्या पहिल्या पानाचे नाव इंग्रजी असते आणि मराठी मीडियाविकी ‘मुखपृष्ठ’ शोधते. त्या नावाचे पान स्वतः तयार करून जतन करावे.