असुरक्षित संबंधानंतरची एचआयव्हीची धास्ती : चाचणी कधी आणि कशी करावी

असुरक्षित संबंधानंतर मनात एचआयव्हीची भीती बसली असेल, तर तो संबंध नेमका कोणत्या तारखेला आला हे सर्वप्रथम कागदावर लिहून काढावे आणि आजपर्यंत किती दिवस झाले ते मोजावे, कारण पुढचे जवळजवळ सर्व निर्णय त्या एका आकड्यावर अवलंबून असतात. ७२ तास उलटले नसतील, तर पुढचे वाचत न बसता लगेच डॉक्टरांकडे जावे आणि ‘पीईपी’विषयी, म्हणजे संबंधानंतर संसर्ग टाळण्यासाठी घ्यायच्या औषधांविषयी, स्पष्ट विचारावे. हा २८ दिवसांचा औषधोपचार जितक्या लवकर सुरू होईल तितका परिणामकारक ठरतो.

ती मुदत टळली असेल, तर चाचणीचा दिवस ठरवावा. विषाणू शरीरात शिरल्यापासून तो चाचणीत सापडेपर्यंतच्या काळाला ‘विंडो पीरियड’ म्हणतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केली जाणारी, अँटीजेन (विषाणूचा अंश) आणि अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे) दोन्ही शोधणारी चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. फक्त अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचणीला, ज्यात बहुतेक रॅपिड आणि घरी करायच्या चाचण्या येतात, २३ ते ९० दिवस लागू शकतात. म्हणून आपली चाचणी कोणत्या प्रकारची आहे, हे रक्त देण्यापूर्वीच विचारून घ्यावे. घाईने दहाव्या दिवशी केलेल्या चाचणीचा निगेटिव्ह अहवाल खरा दिलासा देत नाही, उलट नवी शंका पेरतो. पीईपी घेतली असेल, तर हे दिवस वेगळे मोजावे लागतात आणि ते डॉक्टरांनीच सांगावेत. घटनेला कित्येक महिने किंवा वर्षे लोटली असतील, तर मात्र विंडो पीरियडचा प्रश्नच उरत नाही आणि एका चाचणीत उत्तर मिळते. वर्षानुवर्षे मनात कुढणाऱ्या माणसाला ही साधी गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते, याचे मला फार वाईट वाटते.

लक्षणांवरून निदान करण्याचा प्रयत्न करू नये. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणे असा त्रास होतो, पण हाच त्रास साध्या विषाणूजन्य तापातही होतो आणि अनेक बाधितांना काहीच जाणवत नाही. रोज आरशात जीभ आणि घसा तपासणाऱ्याला काही ना काही सापडतेच. नेहमीच्या रक्ततपासणीतील पेशींच्या संख्येवरूनही एचआयव्ही आहे की नाही हे ठरत नाही. केवळ चाचणी व्हावी म्हणून रक्तदान तर कधीही करू नये. अगदी ताजा संसर्ग तपासणीतून निसटला, तर ते रक्त दुसऱ्याच्या शरीरात जाते.

धोक्याचे प्रमाणही माहीत असावे. उपचार न घेणाऱ्या बाधित जोडीदाराशी एकदा आलेल्या योनीसंबंधात संसर्ग होण्याची शक्यता, अंदाजानुसार, १०,००० मध्ये स्त्रीला सुमारे ८ आणि पुरुषाला सुमारे ४ इतकी असते. गुदसंबंधात स्वीकारणाऱ्या व्यक्तीला ती सुमारे १३८ असते. हे आकडे धीर देतात, पण चाचणीची जागा घेत नाहीत. त्याच भेटीत सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया आणि हिपॅटायटिस बी यांचीही तपासणी मागावी, आणि अहवाल येईपर्यंत प्रत्येक संबंधात कंडोम वापरावा.

पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी दुसऱ्या चाचणीने खात्री झाल्याशिवाय ते निदान मानले जात नाही. खात्री झाल्यास उपचार लगेच सुरू करावेत. रोजच्या औषधांनी रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही, आणि वेळेवर उपचार घेणारी व्यक्ती जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य जगते.

विंडो पीरियड संपल्यानंतरचा अहवाल निगेटिव्ह असेल आणि त्यानंतर नवा धोका पत्करलेला नसेल, तर तीच चाचणी पुन्हा करू नये. तरीही प्रयोगशाळेत चूक झाली असेल, नमुना बदलला असेल, असे विचार झोपू देत नसतील, तर आता उपचार त्या चिंतेवर हवा. माझ्या मते अशा भीतीमागे बहुधा रक्तापेक्षा मनातला अपराधभाव असतो, आणि तो कोणत्याही नळीत सापडत नाही. अशा वेळी समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना अहवाल सोबत न्यावा, किती वेळा चाचणी केली आणि दिवसातून किती वेळ हाच विचार चालतो हे मोकळेपणाने सांगावे, आणि त्या रात्रीविषयी जे कुणालाही सांगता आलेले नाही, तेही तिथे बोलावे.