बडोद्यात शिकायला येताय? आधी नदी बघा

जून उजाडला की कोल्हापूर, जळगाव, नागपूर, कुठून तरी फोन येतोच. "ताई, भाचीला एम. एस. युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळाली, तिकडं एखादी खोली बघाल का?" खोली बघायला वेळ लागत नाही, ती कुठे बघायची हे समजावण्यात तासभर जातो. म्हणून एकदाच लिहून टाकते. मीही सांगलीहून इथे शिकायलाच आले होते आणि इथलीच झाले.

पहिली गोष्ट म्हणजे विश्वामित्री. नदी म्हणाल तर एरवी हिरवट पाण्याचा ओढा, पण शहराचे दोन भाग तिनेच पाडलेत. पूर्वेला जुनं बडोदं: मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, सूरसागर. पश्चिमेला रेल्वे स्टेशन, सयाजीगंज, प्रतापगंज, फतेगंज आणि युनिव्हर्सिटी. मध्ये काळा घोडा. म्हणजे कमाटी बागेच्या दाराशी सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे तो. महाराजांचं नाव कुणी घेत नाही, रिक्षावाल्याला 'काळा घोडा' एवढंच सांगायचं. इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र जपून. तुमचं कलाभवन, म्हणजे इंजिनिअरिंगची फॅकल्टी, युनिव्हर्सिटीच्या मुख्य आवारात नाही, ते नदीपलीकडे दांडिया बाजाराकडे आहे. फतेगंजात वर्षाचं भाडं ठरवून मग रोज पूल ओलांडत हिंडणारी मुलं मी दरवर्षी बघते.

आता खोलीचं. घोटून घोटून सांगते: नदीकाठी, सखल भागात, तळमजल्यावर खोली घेऊ नका. स्वस्त मिळते म्हणून तर मुळीच नाही, ती स्वस्त का आहे हे आधी विचारा. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात शहर बुडालं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा बुडालं, आणि या खेपेला पाणी कित्येक दिवस हललं नाही. वर आजव्याचं धरण भरलं की इकडे नदी फुगते, तुमच्या डोक्यावर पाऊस पडत नसला तरी. माझ्या ओळखीच्या एका मुलाची सगळी सर्टिफिकेटं पलंगाखालच्या बॅगेत होती, लॅपटॉप पलंगावर. पलंगासकट सगळं गेलं. घरमालकाने डिपॉझिटमधून भिंतींच्या रंगाचे पैसे कापले ते वेगळंच.

खोली बघायला गेलात की मालकाच्या गोड बोलण्याकडे लक्ष देऊ नका, जिन्याखाली बघा. विजेचे मीटर कुठे आहेत? जुनी पेटी खाली रिकामी लटकतेय आणि नवी माणसाच्या डोक्याच्याही वर ठोकलीय, असं दिसलं की समजा, पाणी तिथवर येऊन गेलंय. नव्या डिस्टेंपरखाली गुडघाभर उंचीवर पोपडे दिसतात तेही तेच सांगतात. समोरच्या किराणावाल्याला विचारा, "भाई, चोवीसमां पाणी क्यां सुधी आव्युं'तुं?" तो खरं सांगतो, त्याला भाडं मिळायचं नसतं. आणि हो, या नदीत मगरी आहेत, गंमत म्हणून सांगत नाही. पुरात त्या सोसायट्यांत येतात. दिसली तर फोटो काढायला जवळ जाऊ नका, वनखात्याला फोन करा.

पहिला मजला मिळत असेल तर हजार रुपये जास्त द्या. दुसरा मिळाला तर उत्तम. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर. पुन्हा लिहिते, माळ्यावर.

भाडेकरार अकरा महिन्यांचा होतो, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करावी लागते. ती मालकाने केली का, हे तुम्हीच विचारा. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. यावर आणखी काही लिहायची गरज नसावी.

घर देताना इथे दोन प्रश्न हमखास येतात: "नॉनव्हेज खाता?" आणि "तुम्ही कोण?" दुसऱ्या प्रश्नाचा रोख आडनावावरून जात काढण्याकडे असतो, आणि तो विचारणाऱ्यांत आपले मराठी घरमालक मागे नाहीत, उलट थोडे पुढेच. याच शहरात १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून नोकरीवर रुजू व्हायला आले, तेव्हा त्यांना कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. ओळखीच्यांनीही दार उघडलं नाही. शेवटी ते कमाटी बागेत एका झाडाखाली बसून राहिले आणि मुंबईची गाडी धरली. अस्पृश्यता संपवायचा संकल्प त्यांनी तिथेच केला, म्हणून ती जागा आज संकल्पभूमी आहे, त्या दिवसाच्या आठवणीत २३ सप्टेंबरला तिथे लोक लोटतात. तुमच्या वर्गापासून चालत जायच्या अंतरावर आहे. गरब्याचे पास शोधायच्या आधी तिथे जाऊन या. आणि फतेगंजात या चौकशा जरा कमी होतात, हेही लक्षात ठेवा. इंग्रजांच्या जुन्या छावणीमुळे तिथे चर्च आहेत, नाना तऱ्हेची माणसं आहेत, अंडाकरीच्या गाड्या आहेत.

युनिव्हर्सिटीचा इतिहास तुम्हाला पहिल्या दिवशी भाषणात ऐकवतीलच, पण भाषणात सगळं येत नाही. तो मोठा घुमट आहे ना, आर्ट्स फॅकल्टीचा, तो मुळात बडोदा कॉलेजचा. कॉलेज १८८१ चं, इमारत चिझम नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाची. अरविंद घोष तिथे शिकवत. कलाभवन १८९० चं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्याच १९४९ साली युनिव्हर्सिटी उभी राहिली आणि हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. पुढच्याच वर्षी फाइन आर्ट्स, तिथे चित्रकला शिकवायला आले ते आपले इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे. ज्यांच्या नावाची युनिव्हर्सिटी, ते सयाजीराव तरी कुठले? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, बारा वर्षांचे असताना १८७५ मध्ये दत्तक आले. त्यामुळे इथलं कुणी तुम्हाला 'बाहेरचे' म्हणालंच, तर फार मनाला लावून घेऊ नका.

म्हणतील मात्र नक्की, आणि ते गुजराती नव्हे, आपलेच म्हणतील. जुने बडोदेकर तुमच्याकडे 'महाराष्ट्रातले' म्हणून बघतात. त्यांच्या पणजोबांना वाडा होता, सरकारस्वारीच्या मिरवणुकीत मान होता, हे पहिल्या चहाला कळतं. ऐकून घ्या. दुसऱ्या चहाला त्याच घरातल्या काकू तुम्हाला रविवारी जेवायला बोलावतात आणि मग चार वर्षं सोडत नाहीत. उलट पुण्यामुंबईची पोरं फतेगंजातल्या एका फ्लॅटमध्ये सहा जण कोंडाळं करून राहतात, मिसळ मिळत नाही म्हणून कण्हतात आणि डिग्री घेऊन परत जातात. दांडिया बाजारातला गणपती बघितलेला नसतो, कार्तिकी एकादशीला मांडवीजवळून विठ्ठलाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो तोही नाही. २०१८ चं ९१ वं साहित्य संमेलन याच शहरात झालं, तेव्हा आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या तिघांनी मला विचारलं होतं, "इथं मराठी लोक आहेत?"

जेवणाचं थोडक्यात: डाळ गोड असते, सवय होते. सेव-उसळला मिसळ समजून खाऊ नका, ती तिच्या जागी फार चांगली आहे. भाखरी मागितली तर गव्हाची येईल. ज्वारीचं पीठ जुन्या शहरात, मराठी वस्तीत मिळतं.

गुजराती बोला, चुकत माकत का होईना. इथले लोक हसत नाहीत, उलट हाताला धरून पुढचा शब्द पुरवतात. व्यवहाराला चोख असतात, उधारी मात्र विसरत नाहीत.

राहिला जानेवारी. दुचाकी असेल तर हँडलला पुढे कमानीसारखी तार बसवून घ्या. उत्तरायणात, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मांजा रस्त्यावर आडवा आला की गळ्यालाच लागतो. हँडलच्या दोन्ही टोकांना अडकवलेली ती साधी लोखंडी तार मांजाला वरच्या वर उचलते. हेल्मेटच्या पट्ट्याखाली मफलरही गुंडाळा. डिसेंबर संपता संपताच हे करून टाका, १४ तारखेची वाट बघू नका. पोरं त्याआधी दोन आठवडे गच्चीवर चढलेली असतात, आणि १५ ला वासी, म्हणजे दुसऱ्या दिवशीची, उत्तरायण असते, तेव्हा तार त्या दिवशीही काढायची नाही.