पोटातले जंतू सुधारायला निघालात? आधी या चुका टाळा

सोमवारी सकाळी मटकीची वाटीभर उसळ, दुपारी गाजर-काकडीची भरगच्च बशी, रात्री दोन चमचे इसबगोल. रविवारपर्यंत हाच माणूस पांढरा भात आणि मैद्याच्या बिस्किटांवर होता. गुरुवारी पोटाचा नगारा होतो, चारचौघांत बसवत नाही, आणि निकाल जाहीर होतो: "कडधान्यं मला मानवत नाहीत."

मानवतात. घाई मानवत नाही.

कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा असतात. त्या फोडणारं एन्झाइम आपल्या लहान आतड्यात नसतंच. त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जंतू त्या आंबवतात. गॅस होतो तो यातूनच. पण याच आंबवण्यातून ब्युटिरेटही तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे. म्हणजे थोडा गॅस हा बिघाड नव्हे. वर्षानुवर्षं भातावर पोसलेल्या जंतूंवर एका दिवसात तिप्पट तंतू (फायबर) ओतणं हा मात्र आडमुठेपणा.

कडधान्य ८ ते १० तास भिजवा, ते पाणी फेकून द्या (त्यात 'सत्त्व' असतं म्हणून तेच आमटीत ओतणारे बरेच भेटतात), मोड आणा, ताज्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. पहिला आठवडा अर्धी वाटी, तीही दिवसाआड. मग दर आठवड्याला रोजच्या खाण्यात साधारण ५ ग्रॅम तंतू वाढवा. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत जवळपास तेवढे असतात. २५ ते ३० ग्रॅमपर्यंत पोचायला महिना-दीड महिना लागला तर लागू द्या. पोट फुगलं तर आधीच्या आठवड्याच्या मापावर या. सगळं सोडू नका.

इसबगोल चमच्याला निदान एक पेला पाणी घेऊनच. कोरडं गिळलं तर घशातच फुगून अडकू शकतं. इतर औषधांपासून दोन तास दूर ठेवा.

दुसरी लाडकी चूक दह्याची. उकळलेल्या कढीतून 'चांगले जंतू' मिळत नाहीत. ते उकळीतच मेले. कढी चवीसाठी खा, जंतूंसाठी ताक प्या. अँटिबायोटिक चालू असेल तर आणखी एक घोळ: डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी दह्याबरोबर घेतली, तर कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि औषध नीट शोषलं जात नाही. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. आणि जुलाब लागले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

महागड्या प्रोबायोटिक कॅप्सूलवर जंतूच्या नावापुढे स्ट्रेनचा (त्या जंतूच्या नेमक्या उपप्रकाराचा) क्रमांक नसेल, तर ती दुकानातच राहू द्या.

सोनामुखीचं चूर्ण रोज रात्री घेणं म्हणजे आतड्याला चाबूक मारणं. जंतूंचं त्यात काही भलं नाही.

उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन 'पोटाला आराम' दिला म्हणतात. साबुदाण्यात तंतू जवळजवळ नसतातच. त्यापेक्षा राजगिरा किंवा सालासकट उकडलेलं रताळं घ्या.

शौचातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काहीही असेल तर भिजवलेली मटकी बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे.