चिऱ्याच्या घरातलं वाय-फाय: ॲक्सेस पॉइंटच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज कशा लावाव्यात

कोकणातल्या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चांगल्या जाड. राउटर ओटीवर आणि माजघर ओलांडून मागच्या पडवीत गेलं की फोनवर एकच दांडी. त्यात पावसाळ्यात चिरा ओल धरतो, बाहेर माड-पोफळी निथळत असतात आणि वाय-फायच्या लहरी पाणी शोषून घेतं. मे महिन्यात बरं चालणारं नेट जुलैत रडायला लागतं ते म्हणूनच. त्यावर बरेच जण दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे राउटरचंच नेट दुसऱ्या जागेवरून वाय-फायने देणारं यंत्र, आणतात, पण खोक्यातून निघाला तसाच भिंतीला लावून मोकळे होतात. त्याच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर अर्धा तास दिला तर त्याच यंत्राकडून कितीतरी चांगलं काम होतं.

आधी केबल

दोन यंत्रांमध्ये शक्यतो केबलच टाका. साधा रिपीटर (केबलशिवाय सिग्नल पुढे ढकलणारं यंत्र) एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते. राउटरच्या लॅन पोर्टमधून काढून ॲक्सेस पॉइंटच्या लॅन पोर्टला लावा.

खळ्यापलीकडच्या मांगरात किंवा पाहुण्यांच्या खोल्यांकडे उघड्यावरून तांब्याची केबल मात्र नेऊ नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा अशी केबल दोन्ही टोकांची यंत्रं जाळू शकते. तिथे फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साध्या केबलला जोडणारी डबी) लावा. खर्च थोडा वाढतो, पण यंत्रं वाचतात.

लॉगिन आणि मोड

लॅपटॉप केबलने थेट ॲक्सेस पॉइंटला जोडा. यंत्राच्या पोटावरच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड बदलणं, दुसरं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करणं. अपडेट चालू असताना लाईट गेली तर यंत्र कायमचं बसू शकतं, तेव्हा इन्व्हर्टरवर असतानाच हे करा.

मग 'ऑपरेशन मोड'मध्ये जाऊन 'ॲक्सेस पॉइंट' निवडा. जुन्या राउटरचा ॲक्सेस पॉइंट करत असाल आणि त्यात हा पर्याय नसेल, तर त्याचा डीएचसीपी, म्हणजे फोनना पत्ते वाटणारी सोय, हाताने बंद करा. आधी त्याला वेगळा पत्ता द्या: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२. मुख्य राउटर फोनना ज्या आकड्यांमधून पत्ते वाटतो, त्यात हा आकडा येत नाही एवढं बघा. घरात दोन डीएचसीपी चालू राहिले की काही फोन चालतात, काही 'कनेक्टेड' दाखवून ठप्प होतात, आणि दोष जातो कनेक्शनवाल्याच्या माथी.

चॅनेल

देश 'इंडिया' निवडा. कोणते चॅनेल आणि किती पॉवर मिळणार हे त्यावर ठरतं.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ओटीवरच्या राउटरला १ दिलात तर मागच्याला ६ किंवा ११ द्या. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. वाडीत घरं लांब लांब असल्यामुळे ४० करायचा मोह होतो, पण तुमचेच दोन पॉइंट एकमेकांच्या अंगावर येतील. मालवणच्या बाजारपेठेत किंवा रत्नागिरीतल्या इमारतीत तर तो विचारही नको. आजूबाजूला कोण कोणत्या चॅनेलवर आहे ते फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझर ॲपमध्ये दिसतं.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे; आपल्याकडे २०१८ साली या पट्ट्याचा आणखी मोठा भाग विनापरवाना खुला झाला. एकाला ३६, दुसऱ्याला १४९ आणि रुंदी ८० मेगाहर्ट्झ, एवढं घराला पुरतं. मधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. तिथे यंत्राला सुरू होण्याआधी किमान मिनिटभर रडार आहे का ते ऐकावं लागतं आणि रडार सापडलं तर चॅनेल सोडून जावं लागतं. दिवसातून चारदा लाईट जाणाऱ्या गावात ते मिनिटही नकोसं होतं. याच कारणाने चॅनेल 'ऑटो'वर ठेवू नका: लाईट आली की यंत्र नव्याने निवड करतं आणि तुमची मांडणी मोडते.

पॉवर कमी करा

रेंज हवी म्हणून सगळे 'ट्रान्समिट पॉवर' हायवर नेऊन ठेवतात. खळ्यातून मोठ्याने मारलेली हाक मागीलदारी ऐकू जाते, पण मागीलदारच्या आजीचं 'ओ' खळ्यापर्यंत पोचत नाही. फोन आणि राउटरचं असंच होतं. फोनचा रेडिओ कमजोर असतो. राउटरचा आवाज वाढवला की फोनवर दांड्या भरतात, पण फोनचं उत्तर परत पोचत नाही. दांड्या पूर्ण दिसत असताना व्हिडिओ कॉलमध्ये तुमचा आवाज समोरच्याला तुटक जातो तो यामुळे.

दुसरं नुकसान याहून मोठं. कोणत्या ॲक्सेस पॉइंटला चिकटायचं हे मुख्यतः फोन ठरवतो. दोन्ही पॉइंट हायवर असतील तर ओटीवर जोडलेला फोन पडवीत गेला तरी ओटीचाच धरून बसतो, कारण जुना सिग्नल त्याला अजून 'बरा' वाटतो.

म्हणून दोन्हीकडे २.४ चा पॉवर लो किंवा मीडियम, ५ चा मीडियम करा आणि मोजायला निघा. गणपतीत मुंबईहून आलेला पुतण्या जिथे लॅपटॉप घेऊन बसतो, तिथेच फोन धरा आणि दार लोटून घ्या. ॲपमध्ये डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा बघा (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला): उणे ६७ किंवा त्याहून चांगला असेल तर व्हिडिओ कॉल निर्धास्त, उणे ७५ च्या पलीकडे गेला की रखडपट्टी. दर ३ डीबीएमला पॉवर दुप्पट किंवा निम्मी होते, त्यामुळे एकेक पायरीच बदला. आकडा सुधारत नसेल तर पॉवरशी झगडू नका, ॲक्सेस पॉइंट दाराच्या रेषेत सरकवा. लाकडी दारातून लहर सहज जाते, चिऱ्यातून नाही.

नाव, सुरक्षा, रोमिंग

दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अगदी सारखा ठेवा. सुरक्षा डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र. टीकेआयपी ही जुनी पद्धत नको, त्याने वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, त्याची आठ आकडी पिन फोडता येते हे २०११ पासून जगजाहीर आहे. ८०२.११के आणि व्ही चालू ठेवा, फोनला जवळचा पॉइंट शोधायला मदत होते. ८०२.११आर (एका पॉइंटवरून दुसऱ्यावर पटकन जाण्याची सोय) चालू केल्यावर जुना प्रिंटर किंवा टीव्ही रुसला तर तेवढं एकच बंद करा.

पाहुण्यांसाठी

तारकर्ली, गुहागर, दापोलीकडे घरगुती निवासाची सोय करणाऱ्यांनी गेस्ट नेटवर्क वेगळंच ठेवावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरचा पासवर्ड वाटला की सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि हिशेबाचा लॅपटॉप पाहुण्यांच्याच नेटवर्कवर येतात. गेस्टमध्ये 'क्लायंट आयसोलेशन' (जोडलेली यंत्रं एकमेकांना दिसू न देणं) चालू करा आणि प्रत्येक फोनला वेगाची मर्यादा घाला. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर १० एमबीपीएस दिलेत तरी पाहुणा चित्रपट पाहू शकतो.

यात एक खोच आहे. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये बरीच स्वस्त यंत्रं गेस्टला घरच्या नेटवर्कपासून तोडतच नाहीत. खात्री करायला फोन गेस्टवर जोडा आणि ब्राउझरमध्ये मुख्य राउटरचा पत्ता टाका. लॉगिनचं पान उघडलं तर आयसोलेशन नावापुरतं आहे. अशा वेळी गेस्ट नेटवर्क मुख्य राउटरवरूनच द्या किंवा व्हीलॅन (एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्कं चालवायची सोय) समजणारी यंत्रं घ्या.

हात लावू नये असं

बीकन इंटरव्हल १००, आरटीएस थ्रेशोल्ड २३४७, फ्रॅगमेंटेशन २३४६, डीटीआयएम: सगळं जसं आहे तसं राहू द्या. डब्ल्यूएमएम (कॉल-व्हिडिओला आधी वाट देणारी सोय) चुकूनही बंद करू नका, वेग जुन्या जमान्यात जाईल.

सगळं जमलं की 'बॅकअप' दाबून सेटिंगची फाईल लॅपटॉपवर उतरवून ठेवा. पाऊस लागल्यावर, चिरे चांगले भिजले की, त्याच जागी बसून पुन्हा मोजा. आकडा उणे ७० च्या पलीकडे गेला असेल तर त्या बाजूच्या पॉइंटचा ५ गिगाहर्ट्झचा पॉवर एक पायरी वाढवा, २.४ तसाच राहू द्या.