‘हे आमच्या वर्गात चालत नाही’ म्हणण्याआधी या चुका टाळा

शिक्षण परिषदेत वेब टूल्सचा विषय निघाला की मागच्या बाकावरून एक वाक्य हमखास येतं: ‘बाई, हे सगळं प्रशिक्षणापुरतं ठीक आहे.’ बोलणाऱ्या सरांना तंत्रज्ञानाचं वावडं असतं असं नाही. यूडायसपासून (शाळेची सरकारी माहिती-नोंद) पोषण आहाराच्या नोंदींपर्यंत सगळं ते मोबाइलवरच भरतात. खोदून विचारलं की कळतं, त्यांनी एकदा वर्गात प्रयत्न केला होता आणि पस्तीस मुलांसमोर लिंक उघडली नव्हती. तो तास अजून डोक्यात बसलेला असतो. म्हणून प्रशिक्षण देताना मी मानसिकता बदलायची भाषणं देत नाही. त्या दिवशी नेमकं काय बिघडलं, ते विचारते.

गूगल फॉर्म उघडत नाही

सगळ्यात जास्त रडगाणी याचीच. ऑनलाइन चाचणीचा फॉर्म तयार करताना ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसणारा पत्ता उचलून वर्गाच्या गटावर टाकला जातो. तो पत्ता फॉर्म दुरुस्त करण्याचा असतो, भरण्याचा नव्हे. मुलांना परवानगी मागायला सांगितलं जातं. आणि संपादन सर्वांना खुलं असेल तर त्याहून वाईट. सातवीच्या पोरांनी अवघड प्रश्न सरळ उडवून टाकलेला मी पाहिलाय. फॉर्म प्रकाशित करून, भरणाऱ्यांसाठी मिळते तीच लिंक पाठवा.

लिंक बरोबर असूनही अडत असेल तर सेटिंग्ज पाहा. ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा लावली की खात्यात साइन-इन करावं लागतं. फाइल जोडायचा प्रश्न ठेवला तरी तेच. घरात फोन एक, त्यावर खातं बाबांचं आणि भावंडं एकाच वर्गात. थोरल्याने फॉर्म भरला की धाकटीची चाचणी बुडाली. शाळेच्या अधिकृत ईमेलवरून केलेला फॉर्म तर अनेकदा त्या संस्थेच्या खात्यांपुरताच उघडतो. लिंक आधी आपल्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून पाहा.

आणि एक खास मराठी शाळांचा घोळ. उत्तरसूचीत आकडे इंग्रजीत लिहिलेत आणि पोराने ‘२५’ असं टाइप केलं, की यंत्र शून्य देतं. ‘नदी’च्या जागी ‘नदि’ लिहिलं तरी शून्य. लघुउत्तराला जितकी रूपं तुम्ही वहीत ग्राह्य धराल तितकी उत्तरसूचीत भरा, नाहीतर बहुपर्यायी प्रश्न ठेवा. शून्य पाहून शाळेत आलेले पालक यंत्राला नव्हे, तुम्हालाच बोल लावतात.

कहूटमध्ये तीच तीन मुलं जिंकतात

कहूट या ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या खेळात गुण वेगावर असतात. प्रश्नाला हजार गुण धरले, तर अगदी शेवटच्या क्षणी बरोबर उत्तर देणाऱ्याला साधारण पाचशेच मिळतात. वीस सेकंदांत मराठी प्रश्न वाचून समजून घ्यायला ज्याला वेळ लागतो, तो विषय येत असूनही मागे पडतो, आणि चौथ्या प्रश्नापासून नुसती बटणं दाबत बसतो. मग आपण म्हणतो, मुलं गोंगाट करतात, शिकत नाहीत. एका प्रश्नाला चार मिनिटांपर्यंत वेळ देता येतो, गुण बंदही करता येतात. मी प्रत्येक प्रश्नानंतर थांबते आणि चुकीचा पर्याय सर्वाधिक मुलांनी का निवडला, तेवढंच बोलते. पाच प्रश्नांत तास संपतो. संपू दे.

रेंज नाही, फोन नाहीत

एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अख्खा वर्ग जोडायला जाऊ नका. तो बहुधा दहाएक फोनांपुढे मान टाकतो. घरच्या वायफायवर केलेली रंगीत तालीमही कामाची नाही. तालीम त्याच वर्गखोलीत, त्याच नेटवर्कवर करा. फेट या संकेतस्थळावरची बरीच विज्ञान सिम्युलेशन्स (पडद्यावर करून पाहायचे प्रयोग) मराठीत आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवाय चालतात. प्लिकर्स या चाचणीच्या ॲपमध्ये मुलांच्या हातात फक्त छापलेलं कार्ड असतं. कार्डाची कुठली बाजू वर धरली, त्यावरून उत्तर ठरतं आणि ते बाईंचा एकटा फोन टिपतो. ज्यांनी ‘आमच्याकडे मोबाइलच नाहीत’ म्हणून हात वर केले, त्यांना मी आधी हेच दाखवते. कार्डं लॅमिनेट मात्र करू नका, चकाकली की कॅमेऱ्याला दिसत नाहीत.

‘टूल वापरा आणि फोटो टाका’

एवढंच सांगून मोकळं होणं, ही चूक मुख्याध्यापकांची आणि आम्हा प्रशिक्षण देणाऱ्यांची. लोक तंत्रज्ञान का स्वीकारतात याचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं की माणूस नवं तंत्र स्वीकारतो ते दोन गोष्टी पाहून: आपल्या कामाचं आहे का, आणि वापरायला सोपं आहे का. त्यातही पहिलीचं वजन जास्त. आमची प्रशिक्षणं मात्र दोन तास बटणंच दाखवतात. अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईंना त्याच धड्यात ते कुठे उपयोगी पडेल, हे कुणी सांगतच नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ हा जागतिक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडचीच चर्चा झाली. पण त्या कोडमागे कविता, व्हिडिओ आणि स्वाध्याय पाठ्यपुस्तकाच्या पानापाशीच हाताशी असावेत, असा साधा हिशेब होता.

महिन्याला चार टूल्स उघडण्यापेक्षा एकच घ्या आणि एका घटकापुरतं वापरा. मुलांची पूर्ण नावं, फोन नंबर कुठल्याही टूलवर भरू नका, हजेरी क्रमांक पुरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

आणि केलेलं काम स्वतःकडे उतरवून ठेवा. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. ज्यांनी आधीच पीडीएफ काढून ठेवल्या होत्या, ते निर्धास्त राहिले.